बिनबांगड्यांची बाई

बेट्टदपुर, बुधवार दुपार

प्रिय आत्याबाई,

सासूला पत्र लिहायचं तर वर 'तीर्थरूप' घालावं आणि लगेच साष्टांग नमस्कार, असं आईनं मला शिकवलं आहे. पण तसं सुरू केलं तर पुढचं एक अक्षर माझ्या हातून लिहून होणार नाही, म्हणून 'प्रिय' घातलं. राग आला तर मी आल्यावर बोला, ऐकून घेईन. हे पाकीट मी म्हैसूरच्या मोटारवाल्याच्या हाती शांताक्कांकडे पाठवते आहे, तुम्हाला ते त्या देतील. तुमची पोलकी शिवून आणतात तेव्हा त्या थेट तुमच्या खोलीपर्यंत येतात, त्यांना कोणी अडवत नाही. टपालानं पाठवलं असतं तर ते आधी थोरल्या मामंजींच्या चष्म्याखालून गेलं असतं. वाचून झालं की बंबात घाला. आणि मासिकातल्या गोष्टीचा शेवट आधी वाचायची तुम्हाला खोड आहे, ती आज एवढी आवरा. मला जसजसं वाटत गेलं तसतसं तुम्ही वाचायला हवं, नाहीतर शेवटी मी जे मागणार आहे ते तुम्हाला नुसता आगाऊपणा वाटेल.

मी संशयी आहे, हे तुम्हाला लग्नाआधी कोणी सांगितलं नसेल. आमच्या शिवमोग्ग्याच्या घरात सगळेच तसे. गवळ्यानं एखाद्या दिवशी माप भरून वर थोडं दूध घातलं, तर माझी आई त्याच्याकडे आणखीच रोखून बघते. कोणी आपण होऊन चांगलं वागलं की आम्ही आधी त्यामागचं कारण शोधतो. त्यामुळे संक्रांत झाल्यावर एका सकाळी कॉफी पिता पिता तुमचे चिरंजीव म्हणाले, "आपण दोघं सायकलीवरून फिरायला जाऊ, तलाव बघू, डोंगर बघू," तेव्हा मला आनंद व्हायच्या आधी शंका आली. लग्नाला वर्ष झालं. या माणसानं मला चामुंडीच्या डोंगरावर नेलं, तेही पडदे लावलेल्या मोटारीतून, पुढे ड्रायव्हरशेजारी थोरले मामंजी. आणि आता एकदम सायकल? आपण गोशातल्या बायका. दिवाणखान्यात पुरुष बसले असले तर आपण मागच्या बोळातून जायचं. स्वातंत्र्य आलं, महाराजांचं घोडदळ मोडलं, पागा ओस पडल्या, पण थोरल्या मामंजींच्या मिशा आणि आपले पडदे होते तिथेच आहेत. मी शिवमोग्ग्याला दादाच्या सायकलवर शिकले होते, हे खरं, पण ते लग्नाआधी सांगून मोकळी झाले होते. कोणी त्याची आठवण ठेवील असं मला वाटलं नव्हतं.

तुम्ही तर त्या दिवशी घर डोक्यावर घेतलंत. दाराआडूनच, पण दिवाणखान्यात स्वच्छ ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालात, "या घरातली सून रस्त्यावर पाय दाखवत हिंडणार? सुम्ने, उगाच काहीतरी खूळ! माझ्या जिवात जीव आहे तोवर हे जमायचं नाही." थोरल्या मामंजींनी धाकट्या भावजयीचा आवाज ऐकून हातातला पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "या घरात काय जमायचं नि काय नाही ते हा नागोजीराव ठरवील. आयतु, ठीक आहे, जाऊ दे दोघांना. फक्त म्हैसुरात सायकल दिसता कामा नये." मी तुमच्या मागेच उभी होते. तुम्ही पदर तोंडाला लावून आत गेलात आणि तुमचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडताय. मला तुमची दया आली, आणि जाऊ नये असंही वाटलं. मग मनात आलं, आईचं मन मोडून हा माणूस मला घेऊन चालला आहे, म्हणजे याला काहीतरी झाकायचं आहे.

बेळगोळपर्यंत आम्ही बसनं गेलो. ह्यांच्या कारखान्यातल्या एका सोबत्याच्या पडवीत दोन्ही सायकली ठेवलेल्या होत्या. "तुझ्यासाठी घेतली" म्हणून ह्यांनी जी बिनदांडीची हिरवी सायकल पुढे केली, तिच्या हँडलची रबरं गुळगुळीत झाली होती. सीट इतकी खाली की माझे गुडघे वर येत होते. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी सुती दोऱ्याची बारीक जाळी विणलेली, लुगड्याचा काठ आत जाऊ नये म्हणून. असं नाजूक काम सायकलवाला करत नाही, ते कुणीतरी हौसेनं केलेलं होतं. मी विचारलं, आधी कुणाची होती? म्हणाले, "एकाच्या घरची होती." आणि लगेच पंप घेऊन चाकापाशी बसले. हवा भरलेलीच होती, आत्याबाई. मी अंगठ्यानं दाबून बघितली.

तरी पहिला दिवस सुखाचा गेला, खोटं कशाला बोलू. धरणाखालच्या बागेत सगळं जग जातं, तिथे आम्ही थांबलोच नाही. ह्यांनी मला मागच्या अंगाला नेलं, जिथे धरणाचं पाणी नाचणीच्या शेतांमधून आत आत शिरत गेलं आहे. सकाळचं धुकं होतं. पाण्यात अर्धी बुडालेली झाडं उभी आणि त्यांच्यावर पांढरे पक्षी इतके गप्प बसलेले की कुणी चुना सांडला आहे असं वाटावं. मी हँडल सोडून दोन्ही हातांनी डोक्यावरचा पदर मागे सारला. कुणी बघणारं नव्हतं. वाऱ्यानं कान गार पडले तेव्हा मला कळलं की वर्षभर माझ्या कानांना वाराच लागलेला नाही. हे माझ्याकडे बघून हसत होते, पण ते हसणं मला पहिल्यांदा बघणाऱ्याचं वाटलं नाही. हा आनंद आपण आधी कुणाच्या तरी तोंडावर पाहिला आहे, आता दुसऱ्यांदा बघतो आहोत, असं ते हसणं होतं.

तेवढ्यात टोपलीसारखी गोल होडी घेऊन एक कोळी काठाला आला. ह्यांना बघताच त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "अम्मावरु मत्ते बंद्रा?" बाईसाहेब पुन्हा आल्या का, असं. मग त्यानं मला नीट पाहिलं, आणि त्याचं तोंड एकदम उतरलं. त्यानं आधी पाहिलेली बाई माझ्याइतकी उंच नसणार. हे म्हणाले, "दुसऱ्या कुणाला समजला असेल." मी म्हटलं, असेल. होडीत बसून आम्ही लांबवर जाऊन आलो. पाणी सुरेख होतं, आणि मी सगळा वेळ त्या कोळ्याच्या पाठीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी हुणसूरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना जुने वड, उन्हाचं नाव नाही. ह्यांना प्रत्येक चढ ठाऊक, उतारावर कुठे खडी सुटली आहे ते ठाऊक, कुठल्या विहिरीचं पाणी गोड ते ठाऊक. हे सगळं पुरुषाला ठाऊक असू शकतं, मी मानते. पण एका जागी, मी काही बोलले नव्हते, तरी हे सायकल थांबवून दुसरीकडे बघत म्हणाले, "त्या मारुतीच्या देवळामागे पडकी भिंत आहे. आडोसा आहे. बायकांना बरं पडतं. मी इथेच थांबतो." आत्याबाई, बायकांना वाटेत आडोसा कुठे मिळतो हे कुठल्या पुरुषाला सांगता येतं? जो बाईला बरोबर घेऊन त्या वाटेनं गेला आहे, त्यालाच. मी भिंतीमागे गेले आणि तिथे उभी राहून रडले. परत आले तेव्हा ह्यांनी मला सोललेलं संत्रं दिलं. ते मी खाल्लंही, कारण भूक लागली होती.

इथे बेट्टदपुरला आम्ही गौरम्माच्या घरी उतरलो आहोत. डोंगराच्या पायथ्याशी तिचं घर आहे, वर मल्लिकार्जुनाच्या दर्शनाला जाणाऱ्यांना ती जेवू घालते आणि एक खोली देते. बाई मोकळी, बोलकी, मनात काही न ठेवणारी. आम्ही ओसरीवर पाय धूत होतो, तोच तिनं ह्यांना विचारलं, "आ अम्मा बरलिल्लवा?" त्या बाई नाही आल्या? हे घाईघाईनं सायकली आत घ्यायला गेले. मग मी गौरम्माला धरून बसले. ती मजेत सांगत गेली. गेल्या कार्तिकात हे आले होते, बरोबर एक बाई. डोक्यापासून कमरेपर्यंत शाल, तोंड कुणाला दिसू दिलं नाही, जेवतानासुद्धा भिंतीकडे तोंड करून बसली. वय काय ते कळलं नाही, पण पाय गोरे, मऊ, जन्मात उन्हात न चाललेले. दोघं आपसात तुमच्याच भाषेत बोलत होती. हातात एकही बांगडी नव्हती. आणि डोंगर उतरून आल्यावर ह्यांनी तेल कोमट करून मागितलं, खोलीचं दार उघडं टाकून त्या बाईचे पाय चेपत बसले. गौरम्मा हसून म्हणाली, "असा गंडस, असा पुरुष मी बघितला नाही गं, आमचे हे तर माझं डोकं दुखलं तरी विचारत नाहीत."

तुम्हाला सांगते, त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे एकच तोंड आलं. अंबुजाचं. ह्यांची ही आतेबहीण कॉलेजात शिकवते, मनगटाला घड्याळ बांधते, बांगड्या घालत नाही. आपल्या माणसांतली, आपली भाषा बोलणारी. ह्यांचं लग्न आधी तिच्याशीच ठरत होतं, हे मला लग्नाच्या मांडवातच कुणीतरी कानात सांगून गेलं होतं. सगळं कसं जुळलं बघा. बिनलग्नाची मुलगी दुसऱ्याच्या नवऱ्याबरोबर हिंडणार म्हणजे शाल ओढूनच हिंडणार. मोकळं मनगट म्हणजे नवीन चालीची. मऊ पाय म्हणजे तरुण. गेल्या कार्तिकात हे "कारखान्याच्या कामासाठी भद्रावतीला" गेले होते, ते मला आठवलं. तुम्हीही घरी नव्हता, सोसल्याच्या मठाला नवस फेडायला गेला होता. त्यामुळे मला त्या दिवसांत बोलायला कुणी नव्हतं आणि मी एकटी ह्यांची वाट बघत बसले होते, हेसुद्धा आठवलं आणि जास्तच झोंबलं.

काल सकाळी डोंगर चढलो. पायऱ्या संपत नाहीत. अर्ध्यावर धुकं आपल्या खाली राहतं आणि वर गेलं की पश्चिमेला कोडगूचे डोंगर एकामागे एक, निळे, मग फिके, मग नुसतेच असल्यासारखे. खाली तळी चमकत होती, जिथे पाहावं तिथे एक. इतकं सुंदर काही मी याआधी पाहिलेलं नाही, आणि तिथेच मी भांडले. विचारलं, कार्तिकात कुणाला घेऊन आला होता? हे पांढरे पडले. म्हणाले, "तुझ्या मनात आहे तसलं काही नाही." मग काय आहे ते सांगा. "सांगता येत नाही. देवाची शपथ घातली आहे मला." कुणी घातली? अंबुजानं? हे इतके चकित झाले की मला वाटलं, नेमकं वर्मावर बोट पडलं. माणूस खोटं पकडल्यावर चकित होतो ना तसं. मी पायऱ्या उतरायला लागले ती थांबलेच नाही. हे मागून हाका मारत होते, "तुंगा, हळू, पडशील." पडले तेच.

पण ते मला तेव्हा कळलं नाही. मी थेट पोस्टात गेले आणि संताजीदादाला शिवमोग्ग्याला तार केली. ताबडतोब म्हैसूरच्या घरी या, मला घेऊन जा, ह्यांची दुसरी बाई आहे. पोस्टमास्तर शब्द मोजता मोजता चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. तार गेली तेव्हा मला मोठं काहीतरी जिंकल्यासारखं वाटलं. बाहेर आले तर दोन माणसं ह्यांना खांद्यावर धरून आणत होती. घोटा भोपळ्यासारखा सुजलेला. गावातल्या हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि शनिवारपर्यंत पाय जमिनीला टेकायचा नाही म्हणून बजावलं. मी शेक दिला नाही, आत्याबाई. गौरम्मानं दिला. मी ओसरीवर खांबाला टेकून बसले आणि मनात म्हणत राहिले, दुखू दे.

आज सकाळी गौरम्मा विहिरीवरून पाणी आणत होती. भरलेली कळशी कमरेवर घ्यायला ती खाली वाकली आणि उठताना मला हसवायला म्हणून की काय, भलत्याच सुरात ओरडली, "आई भवाने, उचल गं एकदा!" मराठीत. तिला मराठीचा एक शब्द येत नाही. मी विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, "तुमच्या त्या अम्मा डोंगर चढताना प्रत्येक वळणावर बसायच्या आणि उठताना हेच म्हणायच्या. मीच तर अर्ध्या वाटेपर्यंत सोबत गेले होते. चांगला मंत्र आहे, मला ओझं हलकं लागतं." आत्याबाई, लग्न होऊन आल्यापासून रोज पहाटे देवघरातून उठताना मी हे ऐकते आहे. याच सुरात. 'गं' असाच लांबवलेला. बांगड्या नसलेलं मनगट, उन्हात न गेलेले पाय, भिंतीकडे तोंड करून जेवणारी बाई. मामंजी गेल्यापासून तुमच्या हातात बांगडी नाही, हे मी रोज बघते. आणि ज्या बाईनं सगळा जन्म पडद्यात काढला तिचे पाय मऊ नसतील तर कुणाचे असतील? मी आत जाऊन ह्यांच्यापुढे उभी राहिले आणि एवढंच विचारलं, आत्याबाई होत्या? हे बोलले नाहीत. शपथ आहे ना. नुसतं खाली बघितलं आणि डोळे भरून आले.

मग मी जे जे बोलत गेले त्यावर ह्यांनी फक्त मान हलवली, असं आम्ही शपथ न मोडता सगळं सांगितलं नि ऐकलं. नवी नवरी म्हणून तुम्ही याच डोंगराखालून पडद्याच्या गाडीतून गेलात, हे तुम्हीच मला एकदा सांगितलं होतं. पुरुष पुढे बसून म्हणत होते, वा काय डोंगर, वा काय तळं, आणि आत बसलेल्या बायका नुसतं ऐकत होत्या. धरणाचं पाणीही तुम्हाला तसंच, मोटारीच्या पडद्याच्या फटीतून. एवढी वर्षं दुसऱ्यांनी सांगितलेले डोंगर. मग या वयात, थोरले मामंजी संध्याकाळी देवळात गेले की मागच्या परसात सायकल. किती वेळा पडलात, आत्याबाई? तुमच्या कोपराला लागलं होतं, तेव्हा मला म्हणालात की न्हाणीघरात पाय घसरला. ती जाळी तुम्ही विणलीत. सोसल्याला तुम्ही गेलाच नाहीत. आणि मला बाहेर काढायचंही तुम्हीच ठरवलंत, "माझ्यासारखी म्हातारी होईपर्यंत तिला थांबवू नको" असंच काही ह्यांना सांगितलंत ना? त्या दिवशी घर डोक्यावर घेतलंत, कारण तुम्ही नको म्हटलं की थोरले मामंजी हटकून हो म्हणतात. खांदे हलत होते ते हसण्यानं! मी ह्यांच्या पायाला तेल लावत होते आणि हसत होते आणि मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की मान वर होईना. अंबुजाशी मी वर्षभर घुम्यासारखी वागले आहे. ती आली की मी उठून स्वयंपाकघरात जायची. तिला तर यातलं काही माहीतही नाही.

आता का लिहिते आहे ते. ती तार कालच पोचली. आज सकाळी मी दुसरी तार केली, गैरसमज झाला, येऊ नकोस. पण दादा आमच्याच घरातला आहे. दुसरी तार वाचून तो म्हणेल, हिच्या मानेवर सुरी ठेवून लिहून घेतली. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. मी एकटी मोटारीत बसून पुढे आले असते, पण नवऱ्यावाचून एकटी आलेली बहीण पाहिली की त्याची खात्रीच होईल, आणि ह्यांना असं टाकून मला येववत नाही. आम्ही शनिवारी येऊ. रजा मिळवून निघायला दादाला गुरुवार उजाडेल, म्हणजे तो शुक्रवारी सकाळच्या गाडीनं येईल आणि थेट दिवाणखान्यात थोरल्या मामंजींसमोर उभा राहून ह्यांच्या नावानं ओरडेल. मग थोरले मामंजी, खरंखोटं काही असो, सुनेनं घराची अब्रू तारेवर टांगली म्हणून मला दादाबरोबर शिवमोग्ग्याला पाठवतील, आणि परत बोलावणार नाहीत. तुम्ही त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखता. तुमचा सयाजी तुमची शपथ मोडणार नाही. मला जाऊ देईल, आतल्या आत झुरेल, पण तोंड उघडणार नाही. या पत्राचं शेवटचं पान मी आधी वेगळं लिहिलं होतं. त्यात होतं, तुम्ही गप्पच राहा, माझ्या मनातली घाण म्हणून सगळं मी अंगावर घेईन. ते फाडून टाकलं, कारण ते खरं नव्हतं. मला जायचं नाही, आत्याबाई. मला ह्यांच्याजवळ राहायचं आहे. तुमच्याजवळ राहायचं आहे. म्हणून मागते. दादा आला की दाराआडून बोलू नका. दाराआडचा आवाज कुणाचाही असू शकतो असं त्याला वाटेल, तो तसाच आहे. बाहेर या. थोरले मामंजी तिथे असले तरी या, पदर मागे घ्या आणि त्याच्याकडे बघून सांगा की कार्तिकातली ती बाई तुम्ही होता. मी काय मागते आहे ते मला कळतं. तुमच्याच्यानं झालं नाही तर मी राग धरणार नाही असं लिहिणार होते, पण धरेन. जन्मभर धरेन, म्हणून आधीच सांगून ठेवते. दादा वाईट नाही, ओरडेल, मग खाली बघेल, मग तुमच्या पाया पडेल. थोरले मामंजी काय करतील ते मला माहीत नाही. शुक्रवारी सकाळी कडी वाजली की गड्याला पाठवू नका. दार तुम्ही उघडा.

तुम्ही ठेवाल तर तुमचीच,
तुंगा